पहिल्या सेल्फला

“जगातली समदी धरणं आटतील, पण हे इंजिन बंद पडायचं न्हाई,” हौशीरामानं उघड्या बॉनेटखाली हात घालून जाहीर केलं, आणि बॉनेट त्याच्या मनगटावर पडलं.

यात इंजिनाचा दोष नव्हता. बॉनेटला आधार देणारी लोखंडी सळी नऊ वर्षांपूर्वी मोडली होती. तेव्हापासून तिच्या जागी बाभळीची एक काठी नेमलेली होती, आणि धरणावरून वारा आला की ती काठी रजेवर जायची. हौशीरामानं हात ओढून घेतला, मनगटाकडे मुळीच बघितलं नाही, आणि बोलणं जिथं चेमटलं होतं तिथून पुढं चालू केलं. त्याचं म्हणणं, या इंजिनात डिझेल ओतलं की ते चालतं. हल्लीच्या गाड्यांना म्हणे आधी पासवर्ड लागतो.

पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेला त्याचा मुलगा सूरज हे ऐकत होता. सूरज चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत होता, म्हणजे दिवसभर समोर येणाऱ्या मालातून नापास माल बाजूला काढायचा, हे त्याचं काम. चार दिवसांच्या रजेवर तो डिंभ्याला आला होता खरा, पण नजर कंपनीत ठेवून येणं काही त्याला जमलं नव्हतं.

“आबा, पुढच्या महिन्यात गाडीला पंधरा वर्षं होतात. पासिंग परत करायला लागंल.”

“करू.”

“धूर बघितला का तिचा? पासिंगला उभी केली तर समोरचा सायेब दिसायचा न्हाई.”

“न दिसू दे. सही तेवढी करावी त्यानं.”

सूरजनं कप खाली ठेवला आणि एकेक दोष काढायला घेतला. थंडीत इंजिन तापवणारे चार हीटर प्लग, त्यांतले दोन मेलेले. चालू करताना चेन अशी वाजते की डब्यात खिळे हलवावेत. टर्बोच्या पाइपातून तेल झिरपतं. गाडी जिथं उभी राहील तिथल्या जमिनीला टिळा लावून येते. चढाला काळा धूर, सकाळी पांढरा धूर. गाडी मोडीत काढावी, हा त्याचा निकाल.

हौशीरामाकडे प्रत्येकाला उत्तर होतं. चारातले दोन काम करतात आणि दोन बसून खातात, कुठल्या घरात याहून वेगळं असतं? चेनचा आवाज येतो, म्हणजे चेन आहे. तेल गळतं, म्हणजे आत तेल आहे; ज्यांच्यात नाही त्यांनी काळजी करावी. आणि धुराचं म्हणशील, तर सकाळी पांढरा आणि दुपारी काळा, इतकी वक्तशीर वस्तू या तालुक्यात दुसरी दाखव.

“आन् चालू कशी व्हती, ते सांग की,” शेवटी तो म्हणाला. “अर्ध्या सेल्फला. दोन वर्षांत हिला धक्का मारलेला गावात कुणी बघितलाय का?”

हे मात्र खरं होतं. पौषात धरणावरचं धुकं काचांवर येऊन बसायचं, शेजाऱ्यांचा नवा ट्रॅक्टर सकाळी तीन-तीनदा खोकून मग मनावर घ्यायचा. पण हौशीरामाची पांढरी, डाव्या दाराला चेमटलेली डिझेल गाडी चावी फिरवताच उठायची. त्याला कारणं दोन, असं हौशीराम सांगायचा. एक इंजिनाचं कूळ आणि दुसरा त्याचा स्वतःचा हात.

त्याची बायको साळुबाई कप उचलायला बाहेर आली होती. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

“गाडी नेल्यावर शुक्रवारचं काय?” तिनं विचारलं.

साळुबाईची थोरली बहीण लंकाबाई अवसरी बुद्रुकला दिलेली होती. चार वर्षांपूर्वी ती पडली, खुबा मोडला, आणि तेव्हापासून ती खाटेवर होती. शुक्रवार न्हाण्याचा वार. दर शुक्रवारी साळुबाई डिंभ्याहून जायची, बहिणीचं डोकं धुवायची, तेल लावून वेणी घालायची आणि परत यायची. लंकाबाईच्या सुनेचा हात काही वाईट नव्हता. पण लंकाबाई केसांना दुसऱ्या कुणाला शिवू देत नसे. डिंभ्याहून एसटी होती. ती यायचीसुद्धा, कधी, ते आधी कुणाला सांगायची पद्धत नव्हती. घोडेगाव, मंचर आणि मग अवसरी, असं गाड्या बदलत गेलं तर पोचेपर्यंत न्हाण्याचा वार संपून जाई.

“एसटी हाय,” सूरज म्हणाला, आणि आईकडे बघून पुढं म्हणाला, “न्हाईतर आदेशची जीप. आदेशनं किती वेळा सांगितलंय, मावशीला न्यायला मी जीप धाडतो म्हणून.”

“त्या जीपमधी या घरातलं कुणी पाय ठेवायचं न्हाई,” हौशीराम म्हणाला. मनगट एव्हाना सुजायला लागलं होतं.

आदेश हा लंकाबाईचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात मानाचे एक्कावन्न फेटे आणले होते. यादीत हौशीरामाचं नाव अडतिसावं होतं, ते त्यानं स्वतः वाचलं होतं. पण एकोणतिसावा फेटा बांधून होतो न होतो तोच कुठल्याशा आघाडीचा तालुका उपाध्यक्ष बावीस कार्यकर्त्यांसह मांडवात आला. त्या बावीस डोक्यांपैकी एकही डोकं नवऱ्याचं नाव सांगू शकलं नसतं, तरी सगळी बांधून झाली. हौशीरामाचा साडू सावळाराम, म्हणजे लंकाबाईचा नवरा, घामाघूम होऊन फिरत होता. त्यानं घाईघाईनं हौशीरामाच्या हातात टॉवेल-टोपी ठेवली आणि पुढं गेला. साडूला टॉवेल-टोपी. हौशीराम जेवला नाही, आणि तेव्हापासून सावळारामाच्या घरी पाण्याला शिवला नाही.

लंकाबाई पडली तेव्हा साळुबाईला घेऊन जाणं भागच होतं. हौशीरामानं त्यातून वाट काढली. तो गाडी चालवत अवसरीपर्यंत जाई, पण सावळारामाच्या ओट्यासमोर गाडीतून उतरत नसे. बसून राही. इंजिनही बंद करत नसे. आपण इथं थांबलेलो नाही, जाता जाता जरा उभे आहोत, असा त्याचा अर्थ. शिवाय गाडी तो अशी लावी की धुराची नळी नेमकी ओट्याकडे येई. सावळारामही कमी नव्हता. तो उपरणं नाकावर धरून तासभर ओट्यावर बसून राही, खोकत राही, पण उठून आत जात नसे. चार वर्षं दर शुक्रवारी हे दोघे म्हातारे एकमेकांशी एक शब्द न बोलता असे भांडत होते, आणि आत साळुबाई बहिणीचे केस विंचरत होती.

सूरजनं शेवटी एक तोड काढली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन सकाळी गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, तर पासिंगचं सगळं तो बघेल. धूरबीर, प्लग, सगळं. एकदा जरी चुकली, तर शनिवारी जायच्या आधी तो ही गाडी नेईल आणि मोडीत देऊन येईल.

“तीन काय, तीस सकाळी ऱ्हा,” हौशीराम म्हणाला.

साळुबाईनं जमिनीवर पडलेली बाभळीची काठी उचलली आणि आत घेऊन गेली.

बुधवारी सकाळी हौशीरामानं कानटोपी घातली, शेजाऱ्यांना हाक मारली आणि गाडीत बसला. दाराशी साळुबाईनं नुकतीच काढलेली रांगोळी होती. समोरच्या काट्यांजवळ प्लग तापत असल्याचं, स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह लागलं, विझलं. त्यानं चावी फिरवली आणि चेन खिळ्यांचा डबा वाजवत जागी झाली. अर्ध्या सेल्फला. पांढरा धूर रांगोळीवरून हळूहळू सरकत शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेला. चुलीपुढं बसलेल्या साळुबाईनं गाडीकडे एकदाही बघितलं नाही. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

गुरुवारी तेच झालं. त्या आनंदात हौशीरामानं देवळाला दोन फेऱ्या मारल्या आणि एक फेरी उगीच मारली.

दुपारी पिंपळवंडीहून हिराचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. तिचं लेकरू तापानं फणफणलं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा संध्याकाळी उशिरा येणार होता. साळुबाईनं लुगडं बदललं. सूरज तिला आपल्या गाडीतून सोडून येणार होता आणि सकाळी जावई तिला घोडेगावपर्यंत आणून सोडणार होता.

निघताना ती पांढऱ्या गाडीपाशी थांबली.

“उद्या मी आल्याबिगर हिला हात लावू नका.”

“का? तू काय हिला किक मारतीस?” हौशीराम म्हणाला. “शर्त सकाळची हाय. सकाळीच व्हनार.”

साळुबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग गाडीच्या बॉनेटकडे बघितलं. ती सूरजच्या गाडीत जाऊन बसली.

शुक्रवारी दाराशी रांगोळी नव्हती. पिवळं चिन्ह लागलं, विझलं. हौशीरामानं चावी फिरवली. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, आणि थांबलं. त्यानं टोपी सारखी केली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फिरवताना त्यानं इंजिनाशी दोन शब्द बोलून पाहिले, चौथ्यांदा जे बोलला ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. जमलेले शेजारी दुसरीकडे बघू लागले. गावात माणुसकी आहे ती अशी.

“बॅटरी बसंल, आबा,” सूरज म्हणाला. “मी बघतो. काठी कुठाय?”

हौशीरामानं भिंतीकडे हात केला. तिथं काठी नव्हती. गाडीखाली नव्हती, मागच्या सीटवर नव्हती. दोन वर्षांत आपण बॉनेट किती वेळा उघडलं हे त्याला आठवेना. परवा सोडलं तर गरजच पडली नव्हती. सूरजला ती सापडली घरात, दाराच्या मागं. केरसुणीशेजारी, रांगोळीच्या डब्याला टेकवलेली.

त्यानं बॉनेट उचललं, काठी लावली आणि आत वाकला. मग बराच वेळ वाकलेलाच राहिला.

सगळ्या इंजिनावर काजळीचा आणि तेलाचा बोटभर थर होता. त्यात मुठीएवढा एक रबरी फुगा मात्र तुळतुळीत होता. टाकीतलं डिझेल पुढं ओढायला तो हातानं दाबायचा असतो. नळी कुठं हवा घेत असली की रात्रीतून डिझेल मागं उतरतं, आणि सकाळी तो दाबून कडक केल्याशिवाय गाडी कितीही फिरवली तरी चालू होत नाही. त्या फुग्यावर पांढरी बोटं उमटलेली होती. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठा. रांगोळीची.

हौशीरामही जवळ येऊन वाकला होता.

दोन वर्षांपूर्वी घोडेगावच्या नवसू मेस्त्रीनं याच अंगणात उभं राहून सांगितलं होतं की, भाऊ, तुमची नळी हवा घेती, बदलून टाका, आन् तवर रोज सकाळी हा फुगा चाळीसदा दाबत जावा. हौशीरामानं त्याला सांगितलं होतं, हवा माझ्या इंजिनात नाही, तुझ्या डोक्यात आहे. नवसू चहा पिऊन निघून गेला होता. तो चहा साळुबाईनं आणून दिला होता.

सूरज आईच्या बोटांवर आपली बोटं ठेवून फुगा दाबत राहिला. तो कडक झाल्यावर म्हणाला, “मारा सेल्फ.”

गाडी अर्ध्या सेल्फला चालू झाली. हौशीराम स्टिअरिंग धरून बसून राहिला. बसला एवढंच, जिंकल्यासारखा बसला नाही.

“पहिल्या सेल्फला न्हाई झाली, आबा,” थोड्या वेळानं सूरज म्हणाला.

“मला मान्य न्हाई.”

“उद्या नेतो मी. आज आईला अवसरीला सोडून या.” त्यानं काठी काढून बॉनेट खाली घेतलं, ओठ चावला, आणि मग बोललाच. “एक सांगू का? हे इंजिन वयानं मरत न्हाई. तास-तासभर जाग्यावर चालू ठिवून आतनं काजळी धरलीय त्यानं. ते तुमच्या त्या फेट्यानं मरायला लागलंय.”

“फेट्याचं नाव काढू नको,” हौशीराम म्हणाला. पण ते त्यानं इतक्या हळू म्हटलं की चेनच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दहाच्या सुमारास साळुबाई आली. लेकराचा ताप उतरला होता. तिनं अंगणातली चालू गाडी बघितली, मुलाचं तोंड बघितलं, आणि भिंतीला टेकवलेली काठी बघितली. काठीची ती जागा नव्हती. ती आत गेली, तेलाची बाटली आणि फणी पिशवीत घालून आली, काठी उचलली आणि गाडीत जाऊन बसली.

“काठी कशाला?” हौशीरामानं विचारलं.

“अवसरीत कुत्री लई झालीत.”

घोडेगाव मागं पडलं. चढाला गाडीनं नेहमीचा काळा धूर सोडला. हौशीरामानं आरशात बघितलं आणि नजर काढून घेतली.

“रोज?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“किती?”

“चाळीस. थंडीत साठ.”

रस्त्याकडेला कांद्याची लावण चालली होती. ती संपली.

“मला का न्हाई सांगितलंस?”

“नवसूनं सांगितलं व्हतं की.” तिनं पदर सारखा केला. “आन् मला आक्काचं डोकं धुवाया जायाचं असतं. तुमची वाट बघत बसले असते, तर तिच्या केसांत उवा झाल्या असत्या.”

मंचरच्या चौकात गाडी अडकली. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. ट्रक निघून गेल्यावर साळुबाई म्हणाली, “उद्यापून कसं जायाचं मी?”

“बघू.”

“आदेश जीप—”

“त्या जीपमधी पाय ठेवायचा न्हाई म्हणलं ना एकदा.”

साळुबाईनं पिशवी पायाशी सरकवली. काठी गुडघ्यांत धरून समोर बघत राहिली. अवसरीचा फाटा आला तेव्हा तिनं एकदा मान हलवली, जसं कुणीतरी तिला काही विचारलं होतं आणि तिचं ठरलं होतं.

सावळाराम ओट्यावर होता. गाडी वळताना दिसताच त्यानं सवयीनं उपरणं नाकावर घेतलं. हौशीरामानं नळी ओट्याकडे करून गाडी लावली. साळुबाई उतरली, पिशवी घेतली, काठी घेतली आणि आत गेली. वाटेत कुत्रं एकही नव्हतं.

हौशीराम एक-दोन मिनिटं तसाच बसला. आपल्याला काही कुणाचं ऐकायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. इंजिनाचा आज शेवटचा दिवस आहे, त्याला जरा विसावा द्यावा, एवढंच. त्यानं चावी उलटी फिरवली.

अशी शांतता त्या ओट्यासमोर चार वर्षांत झाली नव्हती. अंगणातल्या कोंबड्या चमकून उभ्या राहिल्या. सावळारामानं उपरणं नाकावरून खाली घेतलं आणि गाडीकडे बघितलं, मग कुणी पाहत तर नाही ना म्हणून इकडे-तिकडे बघितलं.

“साळे, पावणं गेलं का काय?” आतून लंकाबाईचा आवाज आला.

“न्हाई, आक्का. हायेत. गाडी बंद केलीय.”

“बरं नाय का त्येंला?”

यावर साळुबाई काय म्हणाली ते बाहेर ऐकू आलं नाही.

तास गेला. न्हाणीतलं पाणी वाजायचं थांबलं, शिकेकाईचा वास बाहेरपर्यंत आला. आता निघायला हवं म्हणून हौशीरामानं आत कळावं अशा बेतानं चावी फिरवली. इंजिन फिरलं आणि थांबलं. तासाभरात डिझेल मागं उतरलं होतं. ते त्याला कळत होतं. काय करायचं, तेही आता कळत होतं. पण साडूच्या देखत उतरून बॉनेटखाली वाकायचं म्हणजे, गाडी बिघडली असं साडूला लिहून द्यायचं. त्यापेक्षा त्यानं पुन्हा चावी फिरवली. मग पुन्हा. सातव्या वेळी सेल्फचा आवाज लांबच्या गावातून आल्यासारखा आला. आठव्या वेळी नुसतं टिक् झालं.

त्यानं खिडकीकडे बघितलं. आत लंकाबाई खाटेवर पाठमोरी बसली होती, तिचे ओले पांढरे केस पाठभर पसरले होते, आणि साळुबाई मागं बसून ते विंचरत होती. तिच्याशेजारी भिंतीला बाभळीची काठी टेकवलेली होती. साळुबाईची आणि त्याची नजरानजर झाली. ती उठली नाही. तिनं केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली, अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखी.

हौशीराम उतरला. बॉनेट उचललं, काठी नव्हती, म्हणून ते त्यानं डोक्यावर घेतलं. तसाच वाकून, टोपीवर बॉनेट तोलत, साडूच्या डोळ्यांसमोर तो रबरी फुगा दाबू लागला. सुजलेलं मनगट ठणकत होतं. रांगोळीची बोटं काजळीत मिसळत गेली. विसाला हात भरून आला, तिसाला त्यानं हात बदलला. चाळीसला फुगा कडक झाला, तरी त्यानं पुढं साठपर्यंत मोजलं.

बॉनेट खाली घेऊन तो आत बसला. समोरचे दिवे लागले, पिवळं चिन्ह लागलं, विझलं. टिक्. इंजिनाला सगळं मिळालं होतं; फिरवणारं कुणी नव्हतं.

सावळारामानं आता उपरणं खांद्यावर टाकलं होतं. तो बोलला नाही. हसलाही नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

हौशीराम पुन्हा उतरला. दार लावलं, टोपी काढून झटकली, घातली. मग ओट्याकडे चालू लागला. अकरा वर्षांत तो या बाजूला चाललेला नव्हता. सावळारामाला काय काय सुनवायचं, हे त्याला सगळं पाठ होतं. सुरुवात यादीतल्या अडतिसाव्या नावापासून होती. मध्ये तो उपाध्यक्ष आणि त्याची बावीस डोकी येत होती, त्यांतलं एकही डोकं मांडवाचे वासे पुरायला आलं नव्हतं, हा मुद्दा होता, आणि वासे कुणी पुरले, हा प्रश्न होता. शेवट टोपीवर होता. ती टोपी त्यानं अकरा वर्षं घडी करून ठेवली होती, एकदा वेळ आली की या ओट्यावर टाकायला.

ओट्याच्या पायरीशी तो थांबला. घसा साफ केला. सावळाराम उठून उभा राहिला. आत लंकाबाईच्या वेणीतले हात थांबले.

“पावणं,” हौशीराम म्हणाला, “जरा धक्का मारता का?”